जुळत नाही त्यांचं गाणं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आपण इथले नाही असं वाटत राहणं, आणि मग आपल्यात जे ओबडधोबड आहे ते लपवायचं सोडून देणं. या विषयावर स्वतःचं पॉप गाणं करू पाहणाऱ्या नागपूरकर वाचकांची पत्रं या महिन्यात निवडली आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट आम्ही धरून ठेवली आहे. अशा गाण्यात उणीव ऐकू यायला हवी असेल तर तिच्याभोवतीचं सगळं नीट केलेलं असावं लागतं. कूलरची घरघर, हुकलेला ठेका आणि गिळलेली अक्षरं यांच्या गर्दीत आवाजातला खरा चरा कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : मी सक्करदऱ्याची, सध्या पुण्यात होस्टेलला राहते. मेसमध्ये ‘मले पोळी द्या’ म्हटलं की मागच्या मुली हसतात. त्यावर गाणं लिहायला घेतलं. सुरुवात अशी आहे : ‘मी वेगळी, मी एकटी, कुणी मला समजत नाही / जशी आहे तशीच मी, मला आता फरक पडत नाही.’ मैत्रिणी म्हणतात छान आहे, पण मलाच ते खोटं वाटतं. काय चुकतंय?

तुम्हाला खोटं वाटतंय ते बरोबर आहे. दोन्ही ओळींत नुसती विधानं आहेत, घटना एकही नाही. ‘वेगळी’, ‘एकटी’ हे शब्द कुणीही कुठल्याही शहरात लिहू शकतो. शिवाय दुसऱ्याच ओळीत तुम्ही ‘फरक पडत नाही’ म्हणून मोकळ्या झालात. फरक पडत नसेल तर पुढची तीन मिनिटं गायचं कशासाठी? पत्राच्या पहिल्या दोन वाक्यांत मात्र तुम्ही मेसची रांग सहज लिहून गेलात. गाणं तिथे आहे. नमुना म्हणून :

मेसच्या रांगेत मले म्हटलं,
मागची रांग हसून राहिली

लिहून मोजल्या तर दोन्ही ओळींत १७-१७ मात्रा होतात. गाताना ‘मेसच्या’तला स आणि ‘मागची’तला ग अर्धा उच्चारला जातो, म्हणून ओळ १६ वर बसते. म्हणजे आठ मात्रांच्या केहरवा तालाची बरोबर दोन आवर्तनं. नवख्या गीतकारांची चाल इथेच घसरते. ते कागदावर मात्रा मोजतात आणि तोंडी उच्चार वेगळाच असतो. ओळ लिहिली की मांडीवर ठेका धरून १० वेळा नुसती बोलून पाहा. जिथे जीभ अडखळते किंवा एखादं अक्षर ओढून भरावं लागतं, तिथे शब्द बदला, चाल बदलू नका.

आता ‘हसून राहिली’कडे पाहा. हे नागपूरचं क्रियापद आहे, आणि हसणाऱ्यांना याच बोलण्याचं हसू येतं. त्यालाच ध्रुवपद करा. गझलेत रदीफ जशी शेराच्या शेवटी परत येते तसं ‘राहिली’ परत येऊ द्या आणि त्याच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, बदलत ठेवा : हसून, बसून, रुसून. शेवटच्या वेळी :

अन् मी तं बोलून राहिली

पहिल्या कडव्यात रांग हसून राहिली, शेवटी तुम्ही बोलून राहिल्या. स्वतःला स्वीकारल्याची घोषणा करायची गरजच उरत नाही, क्रियापदाच्या मागचं एक माणूस बदललं की काम होतं. नागपुरात सुरेश भटांची गझल ऐकत वाढलेल्या कानाला ही बांधणी लगेच ओळखू येईल, आणि ज्याला गझल माहीत नाही त्याच्याही तोंडी ती बसेल.

दुसऱ्या कडव्यात परत होस्टेल नको. सुट्टीत घरी आल्यावर ‘काय वं, पुणेरी झाली काय?’ म्हणणारं कुणीतरी असतंच. तिथे असता तेव्हा इथल्या, इथे आलात की तिथल्या. आमच्या मते गाण्याचा सगळ्यात दुखरा भाग हा आहे. तो लिहिलात तर गाणं निव्वळ पुण्याबद्दलची तक्रार राहणार नाही.

वऱ्हाडी वळण वापरताना दोन पथ्यं पाळा. नाटकांनी आणि विनोदी कार्यक्रमांनी श्रोत्यांना या बोलीवर हसायची सवय लावून ठेवली आहे, म्हणून तुमची पहिली बोलीतली ओळ गंभीर जागी आणि संथ चालीत आली पाहिजे. चटपटीत ठेक्यावर आली तर लोक हसतील आणि पुढचं ऐकणारच नाहीत. दुसरं, तुमच्या घरी पोळीला ‘पोई’ म्हणत असतील तर ‘पोई’च गा. म्हणत नसतील तर गाण्यापुरती उसनी आणू नका, घरचे लोक पहिल्याच ऐकण्यात पकडतील.

गाण्यासाठी एक बारीक गोष्ट. ‘राहिली’चा शेवटचा स्वर ‘ई’ आहे. वरच्या पट्टीत ‘ई’ लांबवला की आवाज चिमटतो. म्हणून लांब सूर ‘रा’वर घ्या आणि ‘हिली’ खाली उतरताना सोडा.

प्रश्न : मी गिटार वाजवतो. गाणं ‘मी कुठेच बसत नाही’ असं म्हणतं, पण जी, डी, ई मायनर, सी वर ते अगदी गोड आणि बसलेलं वाटतं. घरी आजोबा पेटी वाजवतात, त्यांनाही सोबत घ्यायचं आहे. काय करता येईल? — महाल

तुमच्या चारही कॉर्ड एकाच कुटुंबातल्या आहेत, त्यांच्यात परका सूर एकही नाही. शब्द परकेपणाचे आणि सूर सगळे घरचे, म्हणून गोड वाटतं. एक परका सूर आणा, पण एकच, आणि तो कुठून येतो कुठे जातो हे ऐकू येईल असा.

यासाठी सगळ्यात सोपी मांडणी अशी : जी, जी ऑगमेंटेड, सी, सी मायनर, आणि परत जी. प्रत्येक कॉर्ड केहरव्याच्या एका आवर्तनाला. यात चौथ्या तारेवर लक्ष ठेवा. जी मध्ये ती मोकळी, जी ऑगमेंटेडमध्ये पहिल्या पडद्यावर, सी मध्ये दुसऱ्यावर, सी मायनरमध्ये पुन्हा पहिल्यावर, आणि जी ला परत मोकळी. एकच सूर दोन पायऱ्या चढतो आणि दोन पायऱ्या उतरून घरी येतो.

सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत पडदे असे : जी ३-२-०-०-०-३. जी ऑगमेंटेड ३-२-१-०-०-३, म्हणजे नेहमीच्या जी मध्ये फक्त एक बोट वाढवायचं. सी साठी सहावी तार गप्प ठेवून ३-२-०-१-३. सी मायनरलाही सहावी गप्प, मग ३-१-०-१-३. सी मायनरमध्ये तिसरी तार मोकळी वाजलीच पाहिजे. चौथ्या तारेवरचं बोट आडवं पडून तिला टेकतं आणि सूर मरतो, ही नेहमीची अडचण आहे. अंगठा गळ्याच्या मागे थोडा खाली घेतला की बोट उभं राहतं.

आजोबांना सांगा, सा म्हणजे पांढरी ५. पहिली कॉर्ड सा-ग-प, दुसरी सा-ग-कोमल ध, तिसरी म-शुद्ध ध-सा, चौथी म-कोमल ध-सा. चारही कॉर्डमध्ये सा आहे, त्यामुळे पेटीवर सा धरून ठेवला तरी कुठे भांडण होत नाही. दोन धैवत असे लागोपाठ आलेले पाहून ते भुवया उंचावतील. रागदारीच्या शिस्तीत ते खटकतं, भावगीताला आणि पॉपला चालतं, आणि इथे तर खटकायलाच हवं आहे.

मागच्या उत्तरातल्या दोन ओळी या चार कॉर्डवर बोलून पाहा. दुसरं आवर्तन ‘मले’च्या तोंडाशी सुरू होतं, म्हणजे परका सूर आणि हसू आणणारा शब्द एकाच वेळी येतात. असं जुळत नसेल तर ओळीतले शब्द मागेपुढे करा. परकी कॉर्ड ‘आणि’, ‘तर’ अशा शब्दांखाली पडली की वाया जाते.

ही फेरी संपूर्ण गाण्यात फिरवू नका. कडव्यात वापरा, ध्रुवपदात तुमच्या जुन्या चार कॉर्डकडे या. सतत टोचणाऱ्या गोष्टीची कानाला चार फेऱ्यांत सवय होते.

प्रश्न : प्रसिद्ध गाण्याच्या कॉर्ड घेतल्या तर चोरी होते का? आणि एखाद्या इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द बसवून यूट्यूबवर टाकले तर? — प्रतापनगर

नुसत्या कॉर्डच्या क्रमावर सहसा कुणी हक्क सांगू शकत नाही. त्यावरची चालही जवळ गेली की प्रकरण वेगळं होतं. याच विषयावरचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे रेडिओहेड या इंग्लिश बँडचं १९९२ सालचं ‘क्रीप’. जी, बी, सी, सी मायनर ही त्याची फेरी. कॉर्ड आणि चालीचा काही भाग ‘द एअर दॅट आय ब्रीद’ या जुन्या गाण्याशी मिळतो म्हणून त्याचे लेखक अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांना सहलेखकाचं श्रेय द्यावं लागलं. म्हणून वरची फेरी वापरताना चाल स्वतःची करा. तपासायची सोपी पद्धत : कॉर्ड बंद करून नुसती चाल ‘ला ला’वर गा आणि गाणं न ऐकलेल्या चार जणांना विचारा की काय आठवतं. दोघांनी एकाच गाण्याचं नाव घेतलं तर चाल बदला.

दुसऱ्या भागाचं उत्तर स्पष्ट आहे. परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कव्हर व्हर्जनसाठी कलम ३१सी आहे, पण ते मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपून पाच वर्षं झाल्यावर, आगाऊ कळवून आणि रॉयल्टी भरून करण्यासाठी आहे, आणि त्यात मूळ शब्दांत किंवा चालीत फेरफार करायला मुभा नाही. परक्या चालीवर स्वतःचे शब्द हा फेरफारच झाला. यूट्यूबवर व्हिडिओ राहिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. कित्येकदा एवढंच झालेलं असतं की जाहिरातीचे पैसे मूळ हक्कदाराकडे जातात.

प्रश्न : मे महिन्यात घरीच रेकॉर्डिंग करायचं आहे. कूलर बंद केला तर बसवत नाही, चालू ठेवला तर सगळं त्यातच बुडतं. यूएसबी कंडेन्सर माइक आहे, खोली १० बाय १२ ची. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू का? — मानेवाडा

ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठा फक्त वरचे तीक्ष्ण आवाज थोडे मंद करतो, खोलीचा घुमणारा भाग तसाच राहतो, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात भिंतभर वाळका पुठ्ठा म्हणजे आगीला आमंत्रण. घरातल्या गाद्या, रजया आणि गोधड्या याहून कितीतरी चांगलं काम करतात.

त्या कुठे टांगायच्या यात बहुतेकांची चूक होते. लोक माइकच्या मागे गादी उभी करतात. कार्डिऑइड, म्हणजे एकाच बाजूचं ऐकणारा, माइक मागून येणारं मुळातच कमी ऐकतो. तो ऐकतो समोरचं, म्हणजे तुमचं तोंड आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून दोन जाड रजया तुमच्या पाठीमागे, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. तिसरी एका बाजूला. कपड्यांचं उघडं कपाट असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. खोलीच्या बरोबर मध्ये उभं राहू नका, तिथे खालचे सूर फुगतात किंवा गायब होतात.

कूलरचा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटत नाही. त्यात मोटरची खालची घरघर असते, ती ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं कापून जाते. पण वाऱ्याचा आणि टपकणाऱ्या पाण्याचा आवाज तुमच्या आवाजाच्याच पट्ट्यात पसरलेला असतो. नॉइज रिडक्शनने ६ ते ८ डेसिबलपेक्षा जास्त काढायला गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि विशेषतः ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं विरघळतात. मग श्रोत्याला तुमचा चरा ऐकू येतो की सॉफ्टवेअरचा, हे सांगता येणार नाही. कूलर बंदच करा आणि कामाची वेळ बदला. पहाटे पाच ते आठ. खोली आधी अर्धा तास गार करून घ्या, मग कूलर आणि पंखा दोन्ही बंद, २० मिनिटं रेकॉर्डिंग, पुन्हा दहा मिनिटं चालू. विमानतळाच्या बाजूच्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी त्या वेळात विमानं कधी जातात ते दोन दिवस लिहून ठेवावं. दर फेरीच्या सुरुवातीला कुणीही न बोलता पाच सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा, पुढे जोडाजोड करताना ती कामी येते.

कूलरच्या ओलाव्याने कंडेन्सर माइकमध्ये तडतड येते. काम झालं की माइक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. गिटारची गोष्ट उलटी. खोली तापली की तारा ढिल्या पडून सूर उतरतो, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर लावा. ‘एवढं चालतं’ म्हणून सोडू नका. गिटार उतरलेली असेल तर सुरात गाणारी व्यक्तीही बेसूर वाटते.

सेटिंग थोडक्यात : ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. मीटर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास, सगळ्यात मोठी हाक उणे ६ च्या पुढे नको. तोंड माइकपासून एक वीत, मध्ये पॉप फिल्टर. गाताना बफर (संगणकाला आवाज हाताळायला मिळणारी सवड) १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. आणि ब्लूटूथ हेडफोन मुळीच वापरू नका. त्यातून आवाज उशिरा पोहोचतो, तुम्ही त्या उशिरावर गाता आणि संपूर्ण गाणं ठेक्याच्या मागे पडतं. तारेचा साधा इअरफोन पुरतो.

फक्त मोबाइल असेल तरी काम होतं. एअरप्लेन मोड, आवाज न कापता साठवणारी डब्ल्यूएव्ही फाइल देणारं ॲप, फोन वीतभर दूर आणि तोंडाच्या रेषेपेक्षा थोडा बाजूला. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये गाऊन ती मिक्सला देऊ नका, त्यात आवाजाचा बराच भाग आधीच कापलेला असतो.

प्रश्न : वरच्या सुरावर माझा आवाज फाटतो. स्टुडिओवाला म्हणतो ऑटो-ट्यून लावून सपाट करून देतो. गाण्याचा विषयच ‘आहे तशी’ असा आहे, मग लावू की नको? — धरमपेठ

आधी आवाज कुठे फाटतो ते नेमकं शोधा. ‘आ’ म्हणत खालून वर एकसंध चढा, पाच-सहा वेळा. जिथे आवाज उडी मारतो तो सूर पेटीवर किंवा ट्यूनरवर पाहून लिहून ठेवा. तो बहुधा रोज एक-दोन स्वरांच्या आतच सापडेल. मग गाण्याची पट्टी अशी निवडा की ध्रुवपदातला एकच महत्त्वाचा शब्द त्या सुरावर येईल आणि बाकी सगळी चाल त्याच्या किमान दोन स्वर खाली राहील. एका गाण्यात एकदा फाटलेला आवाज अंगावर येतो. बारा वेळा फाटला तर ऐकणाऱ्याला तुमच्या घशाची काळजी वाटू लागते. घसा दुखत असेल किंवा आवाज दोन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर गाणं थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. त्यातला रिट्यून स्पीड, म्हणजे सूर किती झटकन दुरुस्त करायचा, हा आकडा सगळं ठरवतो. शून्यावर ठेवला की यंत्रमानवासारखा आवाज येतो, वीस ते पन्नास मिलिसेकंदांवर हलकी सुधारणा होते. आपल्या गळ्याची अडचण वेगळी आहे. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. झटपट सुधारणारं यंत्र त्या घसरणीच्या पायऱ्या करून टाकतं. फाटलेल्या जागी तर ते गोंधळूनच जातं, कारण तिथे क्षणभर ठाम सूरच नसतो, आणि ते भलत्याच स्वरावर उडी मारतं.

म्हणून स्टुडिओला असं सांगा. ध्रुवपद सहा वेळा गाऊन घ्या, त्यातून ओळीओळीने चांगलं निवडा. सुधारणा मेलोडाइनसारख्या हाताने करायच्या साधनाने करा. लांब सुरांचा फक्त मध्य जागेवर आणा, त्यातलं थरथरणं आणि वाहणं तसंच ठेवा. एका अर्ध्या स्वरात (सेमिटोनमध्ये) १०० सेंट असतात, १०-१५ सेंटचा फरक हलत्या ओळीत सोडून द्या. ज्या शब्दावर आवाज फाटतो तिथे सुधारणा पूर्ण बंद. त्या जागी रिव्हर्ब (घुमारा) हाही कमी करा, म्हणजे आवाज जवळ येतो. कॉम्प्रेसरकडेही पाहा. फाटताना आवाज एकदम वाढतो आणि कॉम्प्रेसर तो दाबून टाकतो, सगळा परिणाम जातो. त्या एका शब्दापुरतं हाताने व्हॉल्यूम सांभाळलेलं बरं.

पुष्कळ गायक उलटं करतात. आवाज नीट निघतो तरी ‘खरं वाटावं’ म्हणून मुद्दाम फाडतात. ते ऐकू येतं. करू नका.

प्रश्न : पॉप गाण्यात खंजिरी चालेल का? — काटोल रोड

चालेल, आणि विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे ती घराघरांत कानावर पडलेली आहे, त्यामुळे पहिल्या थापेलाच गाणं इथलं होतं. माइक दोन फूट दूर आणि झांजांच्या रेषेतून बाजूला ठेवा, नाहीतर छनछनाट आवाजावर चढतो. ७ हजार हर्ट्‌झच्या आसपास ३ डेसिबल कमी करा. सलग चार मिनिटं हाताने वाजवा, दोन आवर्तनं कापून पुन्हापुन्हा चिकटवू नका, आणि संगणकावर प्रत्येक थाप रेषेवर ओढू नका. १०-२० मिलिसेकंदांचं मागेपुढे हे हाताचं चालणं आहे. पण वाजवणारा कडव्यागणिक वेग वाढवत असेल तर त्याच्या कानात मेट्रोनोम द्या. वेग पळणं वेगळं, ते दुरुस्तच केलं पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, बोलताना अडखळतो, गाताना मात्र अजिबात नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याला स्वतःचं गाणं म्हणायचं आहे. गाण्याआधी दोन वाक्यं बोलायला सांगताहेत, त्याला तीच भीती वाटते. — नंदनवन

अडखळत बोलणारे बरेच जण गाताना अडखळत नाहीत. शब्द आधीच ठरलेले असतात, ताल पुढे नेतो, स्वर लांबतो आणि श्वासही वेगळ्या तऱ्हेने सुटतो. गाणं हा मात्र त्यावरचा उपचार नव्हे, बोलण्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञाची मदत वेगळी घ्यावी.

गॅदरिंगसाठी निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. बोलायचं नसेल तर निवेदकाने नाव सांगावं आणि त्याने थेट गिटारवर सुरुवात करावी, यात कमीपणा काही नाही. बोलायचं असेल तर आधी गिटारची फेरी हळू चालू ठेवून तिच्यावर बोलावं. वाक्यं तोंडपाठ करू नयेत. पाठ वाक्यातला एखादा अवघड शब्द टाळता येत नाही, आणि तो येणार हे आधीपासून माहीत असल्याने ताण वाढतो. अडखळला तर तुम्ही पहिल्या रांगेतून शब्द पुरवू नका. तो वाक्य पूर्ण करेल, थांबा.

मंचावरचा माइक ओठांपासून दोन बोटं दूर. जाळीवर मूठ आवळली तर शिट्टी वाजते. मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, माइकच्या बरोबर मागच्या बाजूला ठेवायला सांगा. जानेवारीच्या रात्री उघड्या लॉनवर कार्यक्रम असेल तर गिटार अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवा आणि मंचावर चढण्याच्या आधी पुन्हा लावा.

प्रश्न : पाचवी ते सातवीच्या ४० मुलांकडून असं गाणं बसवते आहे. सहा-सात मुलं एकाच सुरात बोलल्यासारखी गातात. त्यांना नुसते ओठ हलवायला सांगावं का? — हिंगणा रोडवरील शिक्षिका

कृपा करून सांगू नका, या गाण्यात तर नाहीच. आधी पट्टी पाहा. बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो. मोठ्यांच्या सोयीची खालची पट्टी धरली की मुलं घशातून बोलू लागतात. या वयाला सा पांढरी १ किंवा काळी १ ठेवून चाल मध्य सा ते तार सा यांच्यामध्ये बसवा, आणि बरीचशी ग ते ध यांच्यात राहू द्या. मध्य सा च्या खाली उतरू नका.

मग त्या सात जणांना रोज पाच मिनिटं : रुग्णवाहिकेच्या सायरनसारखा आवाज खालून वर, वरून खाली. त्यांना आपला आवाज हलतो हेच अनेकदा माहीत नसतं. नंतर तुम्ही त्यांचा सूर पकडा, म्हणजे मूल जो सूर काढेल तो तुम्ही गा, आणि तिथून एक-एक पायरी वर न्या. उलट करायला गेलात, म्हणजे ‘माझा सूर धर’ म्हणालात, की मूल गप्प होतं. उभं करताना त्यांना कोपऱ्यात टाकू नका, पक्क्या सुराच्या दोन मुलांच्या मध्ये ठेवा, दोन्ही कानांना सूर मिळतो.

काही जणांचा सूर कार्यक्रमापर्यंत लागणार नाही. त्यांच्यासाठी गाण्यात बोलायच्या दोन ओळी ठेवा, टाळ्यांच्या ठेक्यावर, आणि त्या ध्रुवपदाच्या लगेच आधी आणा म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिथे असेल. या ओळी मुलांनाच लिहायला द्या : शाळेत कुठे अवघडल्यासारखं होतं, एका वाक्यात, नाव न घालता. चिठ्ठ्या आधी तुम्ही एकट्याने वाचा. कुणी ओळखू येईल असं वाक्य मंचावर नेऊ नका, आणि एखाद्या चिठ्ठीत खरा त्रास दिसला तर ती गाण्यासाठी बाजूला ठेवून त्या मुलाशी वेगळं बोला.

प्रश्न : गाणं तयार आहे. स्ट्रीमिंगवर टाकताना काय काय लागतं? — खामला

डब्ल्यूएव्ही फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ, गीतकार-संगीतकार-गायक यांची पूर्ण नावं, आणि १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र ओळख), जो बहुतेक वितरक, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्या, स्वतः देतात. आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएस (गाणं एकूण किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) च्या आसपास आणि टोक उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. याहून मोठं केलेलं गाणं बऱ्याच सेवा आपणहून खाली आणतात, तुमचं नुकसान एवढंच होतं की कडव्यातला हळू भाग आणि ध्रुवपद यांच्यातला फरक दाबून टाकलेला असतो. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी फाइल द्या. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. ओळी वऱ्हाडीत असतील तर शब्दांच्या फाइलमध्ये त्या गायल्या तशाच लिहा. तिथे कुणी ‘मले’चं ‘मला’ करून देत असेल तर दुरुस्ती परत करायला सांगा. रॉयल्टीची वाटणी, कुणाला किती टक्के, हे खंजिरीवाल्यासकट सगळ्यांच्या सह्यांनी कागदावर आधी लिहा, गाणं चालायला लागल्यावर नको.